भांडण डीलरशी, मग हप्ता बँकेचा का थांबवला?

वाचकाचे पत्र (थोडक्यात): 21 महिन्यांपूर्वी ऑटोमॅटिक गाडी घेतली, ऑन-रोड साडेबारा लाख. तिसऱ्या महिन्यापासून चढावर गिअरबॉक्स झटके देतो. सहा वेळा वर्कशॉपला टाकली, फरक शून्य. आता डीलर म्हणतो, एक्स्चेंजमध्ये साडेसात लाख देतो, नवी घ्या. वकील म्हणतात, केस करा. फी 60 हजार आणि मिळालेल्या भरपाईचे 10 टक्के. गाडीची पूर्ण किंमत आणि मानसिक त्रासाचे 10 लाख मागायचे आहेत. एक्स्चेंज घ्यावे की केस करावी? कर्जाचे कागद आणि सहाही जॉबकार्ड (गाडी टाकताना वर्कशॉप लिहून देते ते तक्रारीचे कागद) सोबत जोडले आहेत.
ता. क. डीलरवर दबाव यावा म्हणून दोन महिने हप्ता भरलेला नाही. पुढच्या वर्षी 45 लाखांचे गृहकर्ज घ्यायचे आहे, भरपाईची रक्कम डाउन पेमेंटला होईल.

उत्तर: ताज्या कलमापासून सुरुवात करतो, कारण आग तिथे लागली आहे.

डीलरला त्याचे सगळे पैसे 21 महिन्यांपूर्वीच मिळाले. तुमच्या हप्त्याशी त्याचा काडीचा संबंध उरलेला नाही, त्यामुळे तुम्ही तो थांबवलात हे त्याला कळलेसुद्धा नसेल. कळले ते बँकेला, आणि तिने तुम्हाला गिअरबॉक्स विकलेला नाही. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरते आणि गाडी उचलून न्यायला माणसे येऊ शकतात. म्हणजे ज्या गाडीवरून भांडण, तीच हातातून जायची. शिवाय खात्यात पैसे नाहीत म्हणून ऑटो-डेबिट परत गेले, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली तो चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. तुमचा हप्ता 16,300. दोन हप्ते म्हणजे साडेबत्तीस हजार, वर दंड. हे पत्र वाचून संपायच्या आत भरा.

आता गृहकर्ज. सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात मागच्या 36 महिन्यांचा भरणा महिन्यागणिक दिसतो. तो पाहून पुढच्या वर्षी बँकेने साडेआठऐवजी नऊ टक्के दर लावला, तर 45 लाखांवर 20 वर्षांत साधारण साडेतीन लाख जादा जातील. कर्ज नाकारलेच, तर हिशेबच नको. हा हप्ते थांबवण्याचा सल्ला कोणी दिला ते तुम्ही लिहिलेले नाही. ज्याने दिला, त्याला पुढे काही विचारू नका.

कर्जाच्या कागदांत आणखी एक गोष्ट दिसली, जिच्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेले नाही. कर्ज 10 लाखांचे, पण गाडीसाठी दिलेत 9 लाख 48 हजार. उरलेले 52 हजार 'लोन सुरक्षा' नावाच्या एकरकमी विम्याचे. साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांत त्या 52 हजारांचे तुम्ही 71 हजार फेडणार आहात. शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर "हा घ्यावाच लागतो, सर" असे सांगितले असेल. घ्यावा लागत नाही. गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तुमच्या जिवाला नाही. फ्री-लूकची, म्हणजे नको असलेला विमा परत करण्याची, मुदत कधीच गेली, तरी सरेंडर केल्यास किती परत मिळेल हे विमा कंपनीला लेखी विचारा. सक्ती झाल्याचा पुरावा असेल तर कंपनीकडे तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही.

आता तुमचा प्रश्न. एक्स्चेंज नको. कर्ज अजून सव्वाआठ लाख बाकी आहे. साडेसात आले तर पाऊण लाख आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क पदरचे घालायचे, आणि त्याच डीलरकडून नव्या कर्जावर नवी गाडी घ्यायची. डीलरसाठी हा तोडगा नाही, आणखी एक विक्री आहे.

तक्रार जरूर करा, पण 60 हजार मोजून नव्हे. साडेबारा लाखांची खरेदी जिल्हा ग्राहक आयोगाच्या 50 लाखांच्या मर्यादेत बसते आणि फी 400 रुपये आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरून, वकिलाशिवायही तक्रार दाखल होते. वकील हवाच असेल तर ठेवा, मात्र भरपाईत टक्केवारी मागणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे त्यांनाही माहीत असणार. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही प्रकरणे तिथेच मिटतात. डीलरबरोबर उत्पादक कंपनीलाही प्रतिवादी करा, नाहीतर "दोष कारखान्याचा, आमचा नाही" म्हणून डीलर हात वर करील. मुदत दोन वर्षांची. पहिला झटका तिसऱ्या महिन्यात बसला, म्हणजे सुरक्षित बाजूने धरले तर तुमच्या हातात सहा महिने आहेत. ईमेलची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही.

मानसिक त्रासाचे 10 लाख मात्र विसरा. मागायला हरकत नाही, मिळतील असे धरू नका. आणि जे पैसे मिळालेच तर केव्हा मिळतील हे न्यायाधीशही सांगू शकत नाही, ते डाउन पेमेंटमध्ये धरणे म्हणजे बाजारात तुरी. कायद्यात निकालाला तीन महिने, गाडीची तपासणी लागली तर पाच, असे लिहिले आहे. तुम्ही वर्षांच्या भाषेत विचार करा. उत्पादनदोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावा लागतो आणि त्या तपासणीची फीही आधी तुम्हालाच भरावी लागू शकते. मधल्या काळात कंपनीने नवा गिअरबॉक्स आणि त्यावर दोन वर्षांची वाढीव वॉरंटी लेखी देऊ केली, तर मी तुमच्या जागी सही करून मोकळा होईन.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे तुमची जॉबकार्ड. सहापैकी चारांवर तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप' आहे आणि खाली तुमची सही. सर्व्हिस ॲडव्हायझर ते आपसूक लिहितो, आपण घाईत सही करतो, आणि आयोगापुढे गाडी चार वेळा नुसती धुवायला आल्यासारखी दिसते. सातव्यांदा टाकाल तेव्हा 'चढावर दुसऱ्या गिअरमध्ये झटका' असे तुमच्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या. नाही लिहिले तर सही करू नका, आणि तिथेच उभे राहून डीलर आणि कंपनी दोघांना तसा ईमेल टाका.