विकीवर एकमेकांचं काम पुसलं जाऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पाच जण मिळून एक मीडियाविकी (सगळ्यांनी मिळून पानं लिहायचा प्रोग्राम) वापरता, दोघांनी एकदम पान उघडलं की एकाची मेहनत वाया जाते, तर पानाला कुलूप लावता येईल का.

कुलपाच्या मागे लागू नका. डोकुविकी नावाच्या दुसऱ्या विकी-प्रोग्राममध्ये तशी सोय आहे: एकाने पान संपादनाला घेतलं की इतरांना ते 15 मिनिटं बंद. पण तो माणूस फोनवर बोलत बसला तरी बाकीचे खोळंबतात. मीडियाविकी दोघांनाही लिहू देतो आणि दुसरा जतन करायला गेला की दोघांचे बदल ओळीओळीने ताडून पाहतो. बदल लांबलांबच्या ओळींत असले तर आपणहून जोडून घेतो. एकाच किंवा लगतच्या ओळीत दोघांचा हात पडला की अडतं, तीच टक्कर. आणि मेख अशी, की विकीच्या लेखी अख्खा परिच्छेद म्हणजे एकच ओळ. म्हणून परिच्छेद छोटे ठेवा. (ही जोडणी 'डिफ-थ्री' नावाच्या छोट्या प्रोग्रामवर चालते. तुमच्या सर्व्हरवर तो आहे ना, हे विकी बसवणाऱ्याला आधी विचारा.)

आम्ही देशी भातवाणांच्या नोंदी ठेवतो. आंबेमोहोर, घनसाळ, काळभात, सगळं एकाच लांबलचक पानावर होतं, आणि सगळेच शिवारातून परतून संध्याकाळी सातला लिहायला बसायचे. प्रत्येक वाणाला स्वतंत्र पान केलं, तेव्हा रोजची टक्कर जवळजवळ थांबली. पान मोठं ठेवावंच लागलं तर निदान त्या विभागापुरतंच संपादन उघडा आणि दर दहा मिनिटांनी जतन करा.

पण आमचं सगळ्यात मोठं नुकसान टकरीत झालंच नाही. एका सहकाऱ्याने पान वर्डमध्ये उतरवून घरी नेलं, दोन दिवस खपून नीटनेटकं केलं आणि आणून जुन्या मजकुरावर अख्खं चिकटवलं. त्याने संपादनाची खिडकी नुकतीच उघडली होती, त्यामुळे विकीला त्यात वावगं काही दिसलं नाही. मधल्या दोन दिवसांत मी घातलेल्या घनसाळच्या अकरा नोंदी गेल्या, आणि ते कळलं तीन आठवड्यांनी. तेव्हापासून बाहेर लिहिलेलं पान अख्खं चिकटवायचं नाही, हा आमचा एकमेव सक्तीचा नियम आहे. मोठी डागडुजी करायची असेल तर आपल्या धूळपाटीवर (कच्च्या कामाच्या पानावर) करावी आणि पानाच्या माथ्यावर 'काम चालू, अमुक वाजेपर्यंत' अशी ओळ टाकावी.

टक्कर झालीच तर दोन चौकटी दिसतात: वर दुसऱ्याने जतन केलेला मजकूर, खाली तुमचा. जतन होते ती फक्त वरची. घाईत बटण दाबलंत तर तुमचं जातं. खालचं सगळं उचलून वर टाकलंत तर त्याचं जातं. दोन्हींच्या मधली फरकाची यादी पाहा आणि आपल्या तेवढ्याच ओळी वर न्या. नवीन माणूस आला की मी त्याला हा पडदा मुद्दाम दाखवते: दोघं मिळून धूळपाटीवर एकच वाक्य बदलतो.

आणि तुमचं आतापर्यंत गेलेलं काम बहुतेक गेलेलं नसेल. पानाचा 'इतिहास' उघडा. एका फटक्यात हजारो बाइट कमी झालेली नोंद लाल आकड्यात दिसेल, तिच्या आधीची आवृत्ती उघडून हव्या त्या ओळी घ्या. टकरीच्या पडद्यावर जे जतनच झालं नाही, ते मात्र इतिहासात सापडणार नाही.