नादातलं साके संग्रहालय पहिल्यांदा बघताना

साके म्हणजे तांदळाचं जपानी मद्य. ते कसं बनतं हे बघायला क्योतोत मुक्काम असेल तर तिथलं फुशिमी सोयीचं पडतं, पण मला विचाराल तर कोबेचा नादा भाग गाठा. हान्शिन रेल्वेच्या सुमियोशी स्टेशनपासून हाकुत्सुरू या साके कंपनीचं संग्रहालय चालत पाचेक मिनिटांवर आहे, प्रवेश मोफत.

आत शिरल्या शिरल्या चव घ्यायच्या काउंटरकडे धावू नका. आधी लाकडी पिंपं, तांदूळ वाफवायची सोय, कामगारांचे माणसाएवढे पुतळे क्रमाने बघा. कोजीपाशी जास्त थांबा. वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली ही बुरशी स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं; दोन्ही कामं एकाच वेळी. एवढं समजलं की बाकीची अवजारं आपोआप उलगडतात. पाण्याचंही बघा: इथल्या साकेसाठी वापरलं जाणारं, शेजारच्या निशिनोमिया शहरातलं ‘मियामिझू’ हे पाणी जपानी मानाने जड (क्षार जास्त), पण लोह नगण्य. लोह असलं की साकेचा रंग नि वास बिघडतो.

साकेत अल्कोहोल साधारण 15 टक्के, म्हणजे बिअरच्या तिप्पट. तेव्हा काहीतरी खाऊनच जा. वय 20 पूर्ण हवं. भाड्याची गाडी तर नकोच, पिऊन गाडी चालवण्याबाबत जपानमध्ये कायदा फार कडक आहे.

पुढे एखाद्या चालू कारखान्यात जाणार असाल तर त्या दिवशी नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाऊ नका, त्यातले जिवाणू कोजीला बाधतात. संग्रहालयात ती अडचण नाही.