पाहुणे, पाळोळे आणि भरतीचे गणित

प्रश्न: आम्ही फोंड्याला राहतो. मे महिन्यात पुण्याहून धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले (६ व १३ वर्षे) पाच दिवसांसाठी येणार आहेत. घरात सासूबाई आहेत, वय ७२, गुडघे दुखतात. दूधसागर, तांबडी सुर्ला आणि पाळोळे एवढे तरी बसवायचे आहे. डोंगर आणि समुद्र एकाच दिवशी उरकता येतील का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: उरकता येतील, पण तसे करू नका. दूधसागरसाठी गाठायचे कुळे पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी, पाळोळ्याचा किनारा दक्षिण टोकाला. भर उन्हाची दुपार गाडीत जाईल आणि समुद्रावर पोचेपर्यंत धाकटे पोर रडकुंडीला आलेले असेल. पहिला दिवस पाहुण्यांना झोपू द्या. दुसरा डोंगराचा, तुमच्याच घरून. तिसरा मोकळा ठेवा, आणि चौथ्या दिवशी काणकोणात, म्हणजे पाळोळे ज्या तालुक्यात आहे तिथे, मुक्कामाला जा.

डोंगराच्या दिवशी घरच्यांचे दोन गट करा. दूधसागरला कुळ्याहून जीप जाते. रस्ता जंगलातला, ओढे ओलांडत जाणारा, गचके भरपूर. शेवटचा टप्पा तर खडकांवरून पायी. सासूबाईंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. दीर आणि मोठा मुलगा तिकडे जाऊ देत. जीपची रोजची संख्या ठरलेली असते, म्हणून सकाळी लवकर कुळे गाठा. मे महिन्यात धार बारीक असते हे मुलाला आधीच सांगा. दुधासारखा फेसाळ धबधबा पाहायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायला बंदी आहे, कोणी सुचवले तरी ऐकू नका.

बाकीच्यांनी तांबडी सुर्ल्याला जावे. कदंबकाळातले काळ्या दगडाचे महादेवाचे देऊळ, शेजारी नदी, भोवती दाट झाडी, चालणे थोडके. मात्र दगड दुपारी तापतो आणि अनवाणी पाय पोळतात, म्हणून दहाच्या आत पोचा.

तारखा अजून ठरल्या नसतील तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा घ्या. शेवटच्या आठवड्यात वळवाचा पाऊस येतो आणि समुद्र खवळायला लागतो. किनाऱ्यावरची तात्पुरती खाण्यापिण्याची ठिकाणे, म्हणजे शॅकही, ३१ मेपर्यंतच; पाळोळ्याच्या किनाऱ्यावरच्या लाकडी झोपड्या पावसाच्या आधी उतरवतात, तेव्हा खोली सांगताना त्या तारखेला ती उभी असेल ना, हे विचारून घ्या. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडते. दिरांना तो दिवस आजच लिहून ठेवायला सांगा, सुट्टीतल्या गाड्या भराभर भरतात.

प्रश्न: पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या बेटावर ओहोटीला चालत जाता येते म्हणतात. वेळ कशी ओळखायची?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: जुना हिशेब तिथीचा. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती; त्यानंतर सहा तासांनी, सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हे गणित ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होते. म्हणून जाण्याआधी मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही. अष्टमीच्या सुमारास भांग. तेव्हा पाणी फारसे उतरत नाही आणि वाट नीट उघडी पडत नाही. या दोन्हींचा मेळ तृतीया-चतुर्थीला बसतो: ओहोटी चांगली लागते आणि तीही सकाळी, ऊन चढायच्या आधी.

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरले की लगेच परता. फसगत इथेच होते. पहिल्या तासात पाणी इतके हळू चढते की अजून बराच वेळ आहे असे वाटते. तिसऱ्या-चौथ्या तासात ते झपाट्याने येते आणि घोट्याएवढे होते तिथे कंबरभर होते. खडकांवर शेवाळ असते, म्हणून पट्ट्याच्या चपला घाला, साध्या स्लिपर नकोत. जीवरक्षक हजर असतील अशाच वेळी जा. लाल बावटा दिसला तर बेत सोडा.

प्रश्न: चोर्ला घाटात आमच्या आठ वर्षांच्या मुलीला हमखास गाडी लागते. काय करावे?
— एक वाचक, साखळी

उत्तर: मोबाइल काढून घ्या. नजर पडद्यावर स्थिर आणि कान सांगतो की शरीर वळते आहे, या विसंगतीनेच मळमळते. तिला मागच्या सीटच्या मधोमध, पट्टा लावून बसवा, म्हणजे समोरचा रस्ता दिसेल. काच थोडी उघडी ठेवा. निघण्याआधी रिकाम्या पोटी ठेवू नका आणि तळलेलेही देऊ नका. भाकरीचा तुकडा किंवा दोन बिस्किटे पुरेत. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांना वजन सांगून मात्रा विचारा आणि घाट लागायच्या आधी अर्धा-एक तास द्या; घाटात शिरल्यावर दिलेली गोळी बहुधा उलटीबरोबरच बाहेर पडते.