शून्य खर्चाची खूण: कुठे लावायची, कधी काढायची

प्रश्न : पुढच्या सत्राच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत, जिथे पुस्तक विकत घ्यावं लागत नाही अशा विषयांपुढे खूण करायचं आमच्या कॉलेजात ठरतंय. निकष काय ठेवावा?
– वेळापत्रक समितीवरील प्राध्यापिका, शिवाजीनगर

उत्तर : निकष पुस्तकाचा नको, विद्यार्थ्याच्या खिशाचा ठेवा. कॅलिफोर्नियाने २०१६ साली सिनेट बिल १३५९ मंजूर करून तिथल्या कॉलेजांच्या ऑनलाइन वेळापत्रकात अशी खूण आणली. तिचा अर्थ नेमका आहे: ज्या विषयात फक्त मोफत डिजिटल साहित्य वापरलं जातं तोच विषय. छापील प्रत कुणाला हवीच असेल तर ती स्वस्तात मिळण्याची सोय असू शकते. सगळी मेख ‘फक्त’ या शब्दात आहे.

समजा, संख्याशास्त्राचं पुस्तक नेटवर मोफत आहे, पण १८० पानांची झेरॉक्स घेऊनच वर्गात यायचं असा दंडक आहे. पानाला दीड रुपया धरला तर २७०, स्पायरलचे ४०, प्रॅक्टिकलच्या जर्नलचे १२०. झाले ४३०. हा विषय शून्य खर्चाचा नाही. मोबाइलवर वाचलेलं चालत असेल तर झेरॉक्सचे ३१० गळतात, तरी जर्नल उरतंच. म्हणजे खूण ‘अल्प खर्च’ हीच. कॅल्क्युलेटर, ॲप्रन ही साधनं या हिशेबात मिसळू नका. ‘याशिवाय लागेल’ अशी वेगळी ओळ द्या.

अल्प म्हणजे किती, हे रुपयांतच लिहा. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांनी आधी विद्यार्थ्यांना विचारलं आणि मग ३० डॉलरवर रेघ ओढली. त्याचे रुपये करत बसण्यात अर्थ नाही. त्या विषयाचं जुनं पुस्तक अप्पा बळवंत चौकात कितीला मिळतं ते पाहा आणि रेघ त्याच्या बरीच खाली ठेवा. जुन्या पुस्तकाइतकाच खर्च येणार असेल तर खुणेचा उपयोग काय?

आता गाडी अडते कुठे ते. खूण विषयाला नव्हे, तुकडीला द्या. ‘अ’ तुकडीच्या मॅडम मोफत पुस्तक वापरतात आणि ‘ब’ तुकडीचे सर गाइड आणायला सांगतात, हे एकाच विषयात होतं. त्यात तासिका तत्त्वावरचे शिक्षक अनेकदा यादी लागल्यावर नेमले जातात. शिक्षकच ठरलेले नाहीत त्या तुकडीला खूण देऊ नका. अपवाद एकच, सगळ्या तुकड्यांना तेच साहित्य वापरायचं असं विभागाने लेखी ठरवलं असेल तर. दुसरी चूक सॉफ्टवेअरमधली. मागच्या वर्षीची यादी कॉपी करून नवी बनवली की जुन्या खुणाही सोबत येतात. म्हणून खुणेचा रकाना दर सत्राला कोरा करून घ्या आणि शिक्षकाकडून नव्याने भरून घ्या. खूण विषयाच्या नावात टाइप करण्यापेक्षा स्वतंत्र रकान्यात असली, तर विद्यार्थ्याला तेवढेच विषय गाळून पाहता येतात. आणि नुसता हिरवा ठिपका नको. नोटीस बोर्डावर लागते ती काळी-पांढरी झेरॉक्स. तिथे हिरवा आणि पिवळा दोन्ही राखाडीच. चित्राला मजकूर जोडलेला नसेल तर स्क्रीन रीडरही ते वाचत नाही. ‘शून्य’ आणि ‘अल्प’ असे शब्दच छापा.

प्रश्न : संदर्भग्रंथाची पीडीएफ मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. विद्यार्थ्यांना एक पैसाही खर्च नाही. माझ्या विषयाला खूण मिळेल?
– प्राध्यापिका, हडपसर

उत्तर : प्रकाशकाच्या परवानगीविना फिरणारी पीडीएफ असेल तर नाही. कॉलेजच्या शिक्क्याखाली तिची जाहिरात कशाला? दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ साली शिकवण्यासाठी बनवलेल्या कोर्सपॅकना, म्हणजे निवडक उताऱ्यांच्या संचांना, मोकळीक दिली. म्हणून पूर्ण ग्रंथ ग्रुपवर टाकायला परवाना मिळाला, असं समजू नका.

ग्रंथालयाने वर्गणी भरलेलं ई-पुस्तक शून्य खर्चात बसतं. मात्र एका वेळी किती जण उघडू शकतात ते आधी विचारा. तीन जणांची मर्यादा आणि साठ जणांचा वर्ग असेल तर परीक्षेच्या आठवड्यात गाइडच विकत घ्यावं लागतं. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं, म्हणजे लेखकाने काही अटींवर सर्वांना मोफत वापरायला दिलेलं पुस्तक सर्वांत सोयीचं, पण परवान्याच्या नावातली अक्षरं वाचा, अटी त्यांतच असतात. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे तुमची सुधारित आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ असेल तर मराठी भाषांतर करून वाटता येत नाही, आणि अडचण नेमकी इथेच येते.

प्रश्न : मुलीने ‘शून्य खर्च’ पाहून विषय घेतला. तिसऱ्या आठवड्यात साडेतीनशेचं गाइड सांगितलं. तक्रार कुठे करायची?
– पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : आधी गाइड सक्तीचं आहे की ‘घेतलं तर बरं’ असं आहे, ते स्पष्ट करून घ्या. पेपर विद्यापीठ काढत असेल तर शिक्षकही धास्तीने गाइड सुचवतात. ती सक्ती नव्हे. सक्तीचं असेल तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि विषयनिवडीच्या दिवशीच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडा, कारण खूण मागाहून गुपचूप काढली जाऊ शकते. मागणी दोनपैकी एक ठेवा: गाइडच्या पुरेशा प्रती ग्रंथालयात ठेवाव्यात, किंवा विषय बदलायची मुभा द्यावी.