मॉड्यूल बदलल्यापासून इलेक्ट्रिक गाडी ८०-८२ टक्क्यांवरच थांबते, काय करावं?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. ऐरोलीतल्या घरच्या चार्जरवर तुमची चार वर्षांची गाडी दर वेळी ८०-८२ टक्क्यांवरच थांबते, आणि हे बॅटरीचं एक मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गठ्ठा, बदलल्यापासून सुरू झालं. सर्व्हिस सेंटरवाले "सोसायटीची वायरिंग तपासून घ्या" म्हणतात, ते इथे पटत नाही. वायरिंग ढिली असेल किंवा अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंग कधी सुरूच होणार नाही, कधी ३५ ला तुटेल, कधी ६० ला. रोज त्याच आकड्यावर थांबणं बॅटरीच्या आतून येतं.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं यूपीएसच्या बॅटरी बँकांचं काम केलं. गेल्या पावसाळ्यात माझ्याही गाडीचं एक मॉड्यूल वॉरंटीत बदललं आणि ती ८४ वर थांबायला लागली. तीन आठवडे खेटे घातले. त्यात जे कळलं ते लिहितो.

बॅटरीतले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांतून सारखाच करंट जातो. पंगतीत वाढपी सगळ्यांना सारखंच वाढतोय असं समजा. फरक एवढाच की इथे एकाचं पोट भरलं की पूर्ण पंगत उठवावी लागते, कारण भरलेल्या सेलमध्ये आणखी चार्ज ढकलला तर तो खराब होतो, प्रसंगी पेटतोही. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळ्यात वर गेलेल्या सेलकडे बघून चार्जिंग थांबवतं. गाड्यांत मुख्यतः दोन प्रकारचे सेल असतात: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलला ही मर्यादा साधारण ३.६५ व्होल्ट, एनएमसीला (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) ४.२ व्होल्ट. गाडी चालवताना याच्या उलट होतं, सगळ्यात आधी रिकामा झालेला सेल सगळ्यांना थांबवतो. म्हणजे तुमचं नुकसान फक्त वरच्या टोकाला नाही. खाली १०-१५ टक्के दिसत असताना गाडीची ताकद अचानक कमी होते का, तेही बघा.

नवीन मॉड्यूल अर्धवट चार्जवरच येतं, साठवणीत तेच सुरक्षित असतं. विमानाने पाठवायच्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना तर २०१६ पासून ३० टक्क्यांची मर्यादाच आहे. ते मॉड्यूल बसवण्याआधी वेगळं चार्ज करून जुन्या मॉड्यूलांच्या पातळीला आणावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे, आणि गडबडीच्या वर्कशॉपमध्ये नेमकं तेच राहून जातं. माझ्या गाडीत तेच राहिलं होतं.

"बीएमएस हळूहळू बॅलन्स करेल, महिनाभर चालवा" असं तुम्हाला सांगितलं जाईल. मलाही सांगितलं. हिशेब करून बघा. सेल १०० एएचचा (अँपिअर-तासांचा) धरला आणि फरक २० टक्के असेल, तर २० एएचची तफावत झाली. गाड्यांमधलं नेहमीचं बॅलन्सिंग म्हणजे जास्त भरलेल्या सेलचा चार्ज छोट्या रेझिस्टरमधून जाळणं, आणि त्याचा करंट साधारण ०.१ अँपिअरच्या आसपास असतो. २० भागिले ०.१ म्हणजे २०० तास. तेही बॅलन्सिंग चालू असतानाचे, आणि ते बहुतेक वेळा बॅटरी भरत आली की मगच चालतं. दोन-तीन टक्क्यांचा फरक असा भरून निघतो, वीस टक्क्यांचा नाही.

आता तुम्हाला सर्वात जास्त उपयोगी पडेल ते. माझी बॅटरी एलएफपी. वर्कशॉपमध्ये मला स्क्रीनवर सगळ्या सेलचे व्होल्टेज दाखवले. सगळे ३.२९ ते ३.३१ च्या आत. "बघा साहेब, फरकच नाही." गाडी तेव्हा ५५ टक्क्यांवर होती. एलएफपीचा व्होल्टेज २० पासून ८० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतो, ४० टक्के भरलेला आणि ६० टक्के भरलेला सेल मीटरवर जुळ्या भावांसारखे दिसतात. यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर आयुष्य काढलेल्या मलाही हे आधी लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरला की गाडी इथेच चार्जिंगला लावा आणि ती थांबेल त्या क्षणी वाचा. ८४ ला थांबली तेव्हा जुने सेल ३.६ च्या वर आणि नवीन मॉड्यूलचे सगळे सेल ३.३५ च्या आसपास. तो स्क्रीन बघून समोरचा तंत्रज्ञ स्वतःच म्हणाला, "पॅक परत उतरवावा लागेल." त्यांनी पॅक, म्हणजे गाडीची अख्खी बॅटरी, थांबेल तिथपर्यंत भरला, नवीन मॉड्यूल बाहेर काढून वेगळ्या चार्जरने काठोकाठ भरलं आणि मग बसवलं. दोन दिवस गेले. तेव्हापासून गाडी १०० पर्यंत जाते. म्हणून कोणी मधल्या टक्केवारीचे आकडे दाखवले तर ते मान्य करू नका.

फास्ट चार्जरवर चार्जिंग कधी दोन मिनिटांत बंद पडतं, असंही तुम्ही लिहिलंय. त्याची कारणं दोन असू शकतात आणि वेळेवरून ती ओळखता येतात. सीसीएस-२ प्रकारचा फास्ट चार्जर करंट सोडण्याआधी केबल आणि गाडीचं इन्सुलेशन तपासतो, मग व्होल्टेज जुळवतो. युनिट मोजायला सुरुवात होण्याआधीच एरर आली तर इन्सुलेशन, हाय व्होल्टेजचा नीट न बसलेला कनेक्टर किंवा गाडी आणि चार्जर यांच्या संवादातला बिघाड यांकडे बघायचं. (दुसऱ्या चार्जरवर एकदा लावून बघा, चार्जरही बिघडलेले असतात.) करंट चालू होऊन मिनिटा-दोन मिनिटांनी थांबली तर सेलचा व्होल्टेज किंवा तापमान. जास्त करंटला सेलचा व्होल्टेज आणखी उसळतो, जुन्या सेलचा जास्तच, कारण त्यांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो.

इथे एक शक्यता मला खरोखर काळजीची वाटते. मॉड्यूल जोडणाऱ्या बसबारचा (धातूच्या पट्टीचा) बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळला नसेल तर उभ्या गाडीत सगळे आकडे छान दिसतात, आणि करंट वाढला की त्या एका जागी उष्णता होते. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये फास्ट चार्जिंग चालू असताना सेलचे व्होल्टेज आणि मॉड्यूलचं तापमान दोन्ही वाचून घ्या. हे होईपर्यंत फास्ट चार्जर वापरू नका, असं मी आग्रहाने सांगतो.

शिवाय विचारा, पॅकचं झाकण बंद करताना सील नवीन लावलं का आणि लीक टेस्ट केली का. आपल्याकडे वंदना टॉकीजजवळ तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढायची वेळ दर पावसाळ्यात येते. पॅक कंपनीतून येताना आयपी-६७ असला, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा असला, तरी एकदा उघडल्यावर ती खात्री नव्याने करावी लागते. पाऊस पडून गेल्यावरच एरर येत असेल तर संशय आधी इथेच.

स्वतः काही उघडू नका. नारिंगी केबलमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि ते सोडत नाही. गाडीखालून गोडसर, सॉल्व्हंटसारखा वास आला, फुसफुस ऐकू आली किंवा धूर दिसला तर गाडीजवळ जाऊ नका, सगळ्यांना लांब करा आणि १०१ ला फोन करा. असं काही नसेल तरी दुरुस्ती होईपर्यंत गाडी इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये न ठेवता उघड्यावर ठेवता आली तर बरं.

सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगू नका, ईमेल करा. बदललेल्या मॉड्यूलचा सीरियल नंबर, चार्जिंग थांबल्या क्षणाचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सेल व्होल्टेज (आणि ते सेल कोणत्या मॉड्यूलचे), इन्सुलेशनचं रीडिंग, लीक टेस्टचा निकाल, हे सगळं लेखी मागा. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी असते. तुमची गाडी चार वर्षांची आहे, त्यामुळे दुरुस्तीचे पैसे मागितले तर आधी वॉरंटीचा कागद काढून वाचा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, पण आकड्यांचा कागद हातात असला की तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी, आणि थांबल्या क्षणाचे ते दोन आकडे किती आणि कोणत्या मॉड्यूलच्या सेलचे, एवढं मिळालं की इथेच लिहा. फरक कोणत्या बाजूचा आहे, नवीन मॉड्यूल मागे राहिलंय की पुढे पळालंय, ते त्यावरून सांगता येईल.