प्रश्न तुमचे : पहिली होडी आणि तिचं इंजिन

प्रश्न : आम्ही दोघा चुलतभावांनी जुनी 22 फुटी फायबरची होडी घेतली. मागे 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) आहे. किनाऱ्यावर झटकन सुरू होतं, पण खाडीच्या तोंडाशी गुदमरून बंद पडतं. थोडं थांबलं की पुन्हा चालतं. मेकॅनिक कार्बोरेटर खोलूया म्हणतो. – एक वाचक, देवगड

उत्तर : कार्बोरेटर एवढ्यात खोलू नका, आधी टाकीचं झाकण बघा. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. टाकी वाहून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात आणि निघताना उघडायचा राहून जातो. इंजिन पेट्रोल ओढत राहतं, त्या जागी हवा येत नाही, शेवटी ओढ कमी पडते. आता बंद पडलं की झाकण सैल करून बघा. सुस्स करून हवा आत गेली, तर मेकॅनिकचे पैसे वाचले.

तसं नसेल तर पेट्रोलच्या नळीतल्या, दाबून इंजिनाकडे पेट्रोल ढकलायच्या रबरी फुग्याकडे चला. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे : हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी किंवा आतून सुजलेली नळी. कितीही दाबून कडक होत नसेल तर बहुतेक वेळा हवा शिरतेय. नळीच्या टोकाची ओ-रिंग (रबरी कडी) आणि क्लिपा तपासा. इंजिन मरायला लागताच फुगा दाबल्यावर सावरत असेल, तर फ्युएल पंपाचा पडदा संशयित. हे सगळं नीट निघालं, मगच कार्बोरेटर.

एक परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी करा. टाकीच्या तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि पाव तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल वापरू नका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात, म्हणजे नेमकं जिथून नळी ओढते तिथे. नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घ्या.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत बघा. 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिलि, म्हणजे 25 लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. ऑइल टीसी-डब्ल्यू3 दर्जाचंच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं घ्या. मोटारसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं खरं, पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात प्लगवर राख धरते.

प्रश्न : इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली आहे. इंजिन चालतं नीट. तशीच होडी काढली तर चालेल का? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : नाही. धार बारीक असूनही इंजिन थंड करणारं पाणी पुरेसं फिरत असेल, पण हे समुद्रात जाऊन ठरवायचं नाही. इंजिन बंद करा आणि धारेच्या भोकात जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) घालून हलवा. मीठ किंवा वाळू अडकलेली असते. मग खाली पाणी आत घेणाऱ्या फटींवर प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे का बघा. तरीही धार वाढली नाही तर इम्पेलर बदला. ही पाणी ओढणारी रबरी पाकळ्यांची चकती इंजिनाच्या खालच्या भागात, पंपाच्या डबीत असते. बसवताना पाकळ्या शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट वाकलेल्या हव्यात. एखादी पाकळी तुटलेली निघाली तर तुकडा शोधून काढा, नाहीतर तोच पुढे पाण्याची वाट अडवतो.

कोरडं इंजिन काही सेकंदही चालवू नका. पाण्यावाचून रबर घासून जळतं. घरी आल्यावर ड्रममध्ये गोडं पाणी भरा, पंख्यावरची आडवी पट्टी बुडाली पाहिजे, आणि न्यूट्रलमध्ये दहाएक मिनिटं चालवा. पश्चिम किनाऱ्यावरच्या 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली असतेच, तेव्हा इम्पेलर दरवर्षी बदलून टाका. त्याच वेळी गिअर ऑइलही बघा. दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय. पुष्कळदा पंख्यामागे गुंडाळलेली तंगूस सील कापते. नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरलंय असं उगाच वाटतं.

प्रश्न : तळातलं पाणी काढायला तासाला 500 गॅलनचा पंप पुरेल का? – एक वाचक, रेवदंडा

उत्तर : पावसाचं आणि लाटेचं पाणी काढायला पुरेल. भोक पडलं तर नाही. पाण्याखाली 30 सेंमीवर 25 मिमीचं भोक असेल तर मिनिटाला 40 लिटरहून जास्त पाणी येतं. हा पंप कागदावर मिनिटाला साधारण 31 लिटर टाकतो, आणि नळी उंच असली, बॅटरी उतरलेली असली की त्याहूनही कमी. म्हणून मोठी बादली आणि बसतील अशी लाकडी बुचं होडीत हवीतच. पंपाची वायर स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडा, मुख्य स्विचमधून नको, म्हणजे होडी नांगरून घरी गेलात तरी फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) काम करेल. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ. आणि होडी पाण्यात ढकलण्याआधी मागच्या भोकाचं बूच लावलंय का, हे हात लावून बघा.