पाटीवरची मोकळी जागा

पत्र, थोडक्यात: मुलगा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीनंतर आम्ही त्याला दोनदा रिपीट करायला लावलं, तेव्हा कुठे नीटमध्ये मार्क पडले. आता ॲनाटॉमीत नापास झालाय. गणपतीला घरी आला तो परत जायचं नाव काढत नाही. दिवसभर झोपतो, जेवायला हाक मारली की ‘नंतर’ म्हणतो. रॅगिंग नाही, व्यसन नाही, खोदून खोदून विचारलं. ह्यांचा तालुक्याच्या गावी जुना दवाखाना आहे. पाटीवर ह्यांच्या नावाखाली त्याच्यासाठी जागा सोडलीय, मध्ये दोनदा पाटी रंगवली तरी ती तशीच ठेवली. फीच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. इंग्रजीमुळे झालं असेल का? त्याला कसं समजवावं?

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात इंग्रजीला एक पान, मेसच्या जेवणाला अर्धं, मोबाइलला अर्धं आणि फीला दीड. पाटी एका वाक्यात उरकलीत. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकून बसलेय.

पाटी पहिल्यांदा रंगवली तेव्हा तो कितवीत होता हो? तिसरीत? चौथीत? शाळेत जाता-येता रोज त्या मोकळ्या जागेखालून गेला असेल. बाकावरच्या पेशंटनी ‘इथे कुणाचं नाव?’ म्हणून विचारलं असेल आणि डॉक्टरसाहेबांनी कौतुकाने त्याच्याकडे बोट दाखवलं असेल. त्याला काय व्हायचंय हे त्या घरात कधी कुणी विचारल्याचं चार पानांत मला सापडलं नाही.

मी एकवीस वर्षं मेडिकलच्या मुलींच्या हॉस्टेलवर रेक्टर होते. पहिल्या वर्षाची मुलं सीनियरकडून बोन सेट विकत घेतात, खऱ्या हाडांची पेटी. एका मुलीला न्यायला आईवडील मार्चमध्ये आले. सामान काढताना कॉटखालून तिची पेटी निघाली. ऑगस्टमध्ये बांधलेली सुतळी तशीच, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ही मुलगी रोज लेक्चरला जायची, डिसेक्शन हॉलमधून येताना कपड्यांना फॉर्मलिनचा वास घेऊन यायची, जर्नल पूर्ण करायची. वडील पेटीकडे बघतच राहिले. ती हळूच म्हणाली, ‘बाबा, उघडलीच नाहीये. घेतली त्याच किमतीला जाईल.’

इतक्या वर्षांनीही ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

इंग्रजीचं म्हणाल, तर मराठी माध्यमातून आलेल्या मुली पहिले सहा महिने माझ्या खोलीत येऊन रडायच्या आणि दुसऱ्या वर्षी ज्युनियरना शिकवायच्या. नापास होण्याचं म्हणाल, तर पुरवणी परीक्षा असते. आताच्या नियमाने पहिल्या वर्षासाठी ४ प्रयत्न मिळतात आणि अख्खा कोर्स संपवायला ९ वर्षं. एका विषयात आपटलेल्या कितीतरी मुली आज उत्तम प्रॅक्टिस करताहेत. रॅगिंग असतं तर महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, तक्रार करा म्हटलं असतं. या सगळ्या अडचणींतून मुलं निघतात, कुणी पाठीशी उभं राहिलं की निघतात. पण साडेचार वर्षं अभ्यास, वर एक वर्ष इंटर्नशिप, त्यापुढे पीजीसाठी पुन्हा नीट, एवढी वाट आईवडिलांच्या हौसेवर कशी चालवेल?

आणि ‘कसं समजवावं’ काय विचारता? ती पाटी दहा-बारा वर्षं त्याला समजावतेच आहे. रिपीटची दोन वर्षंही समजावण्यातच गेली. पुरे आता.

दिवसभर झोपणं, जेवण टाळणं याला आळस म्हणू नका. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरात सगळ्यांना माहीत असू द्या. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ॲडमिशन रद्द करायची घाई नको, ‘हप्ते’ हा शब्दही महिनाभर घरात नको. तो पुढे डॉक्टर होईलही. मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, आणि ती जागा रिकामी आहे तोवर त्याला स्वतःलाही कळायचं नाही.

म्हणून उद्या सकाळी पेंटरला बोलवा. डॉक्टरसाहेबांनी स्वतः समोर उभं राहून रंगवून घ्यायचं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मुलाला भाषण नको, माफी नको, त्याला बाहेर बोलावून दाखवूही नका, जाता-येता दिसेल त्याला. त्या मोकळ्या जागेत ठसठशीत अक्षरात लिहून घ्या: वेळ सकाळी १० ते १, संध्याकाळी ६ ते ९. रविवारी दवाखाना बंद.